कॉर्व्हेटचे साल : एक पाठचर्चा

जुनी मोटार घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो सालाचा. रंग, किंमत, किती किलोमीटर चालली, हे सारे नंतर. आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ साधा असतो. आर.सी. बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, त्यावरून गाडीचे वय काढायचे आणि वयावरून किंमत पाडून मागायची. डिसेंबर संपत आला की विक्रेते नव्या गाडीवर सूट देतात तीही याच हिशेबाने. पंधरा दिवसांत ती गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होणार असते. अमेरिकेत मात्र ‘मॉडेल इयर’ म्हणून जे साल सांगितले जाते ते वय नव्हे. १९६३ चे मॉडेल १९६२ च्या शरदातच कारखान्यातून बाहेर पडू लागते आणि १९६३ चा उन्हाळा सरता सरता संपते. हा आकडा पंचांगातला नसून पुस्तकाच्या दुसऱ्या पानावरचा, म्हणजे आवृत्तीचा आहे. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे हे प्रारंभीच सांगितलेले बरे. पण एकाच कृतीच्या अनेक आवृत्त्या समोर असताना कोणती घ्यावी, आणि का, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे चघळणाऱ्या आम्हां मंडळींना अगदीच परका नाही.

ही आवृत्त्यांची प्रथा मोटारीबरोबर जन्मलेली नाही. हेन्री फोर्ड यांचे ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षे चालले आणि दीड कोटीहून अधिक गाड्या विकून गेले. फोर्ड यांची भूमिका प्रामाणिक होती : चांगली वस्तू एकदा सिद्ध झाली की ती बदलायची कशाला? तिची किंमत तेवढी उतरवत न्यावी. १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी नेमका याच्या उलट विचार केला. ज्याला मोटार हवी होती त्याच्याकडे ती आली आहे. आता त्याला दुसरी कशी विकायची? उत्तर असे निघाले की, दरवर्षी गाडीत काहीतरी बदलावे, आणि तो बदल डोळ्यांना दिसावा. यंत्र तेच राहिले तरी चालेल. १९२७ मध्ये त्यांनी हार्ली अर्ल यांच्या हाती रूपरेखनाचा स्वतंत्र विभाग दिला. त्याच वर्षी ‘मॉडेल टी’ बंद पडावे, हा योगायोग बोलका आहे.

या घटनेचा जुन्या गाड्यांच्या बाजारावर जो परिणाम झाला त्याकडे इतिहासकारांचे लक्ष जरा कमीच जाते. नवी आवृत्ती आली की मागची एका रात्रीत ‘जुनी’ ठरू लागली. जुनी देऊन नवी घेण्याचा व्यवहार वाढला, आणि परत आलेल्या गाडीचा भाव ठरवायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. १९२६ मध्ये लॉस एंजेलिसच्या केली यांनी वापरलेल्या गाड्यांच्या भावांचे ‘ब्लू बुक’ काढले. त्या सारणीत गाडीला नाव होते आणि साल होते. तिचा मालक कोण, ती कुठे चालली, तिची निगा कशी राखली, हे सारे मागे पडले. सालाला किंमत चिकटली ती अशी.

आता उदाहरण घेऊ. शेव्हरोलेट कॉर्व्हेट ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार १९५३ पासून आजतागायत निघते आहे. मध्ये एक साल गळाले, त्याची कथा पुढे येईल. एवढ्या अखंड परंपरेची दुसरी अमेरिकी स्पोर्ट्स कार नाही, आणि सालावरून इतका वादही दुसऱ्या कोणत्या अमेरिकी गाडीत होत नसावा. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात ती प्रथम दाखवली गेली. जूनअखेर मिशिगनमधल्या फ्लिंट येथे उत्पादन सुरू झाले, आणि त्या साली अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. साऱ्या पांढऱ्या, आत लाल. अंग फायबर ग्लासचे. दिसायला देखणी, पण आत सहा सिलिंडरांचे घरगुती गाडीचे इंजिन आणि दोन गिअरांचे ऑटोमॅटिक. नाव लढाऊ गलबताचे आणि चाल प्रवासी होडीची, असा हा प्रकार होता. १९५४ मध्ये ३,६४० गाड्या झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा विकल्याविना राहिल्या. १९५५ मध्ये आठ सिलिंडरांचे इंजिन आले, पण गाड्या झाल्या केवळ ७००. त्याच साली फोर्डची थंडरबर्ड सोळा हजारांच्या वर खपली. कॉर्व्हेट तेथेच बंद पडायची. पण प्रतिस्पर्ध्याचे यश पाहून मैदान सोडणे कंपनीला रुचले नसावे, आणि झोरा आर्कस-डंटॉव्ह नावाचा अभियंता तोवर कंपनीत आला होता. ब्रसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या माणसाने त्या १९५३ च्या प्रदर्शनात ही गाडी पाहिली, तिच्या रूपावर तो लुब्ध झाला आणि कंपनीला पत्र लिहून तिच्या सेवेत दाखल झाला. पुढल्या वीस वर्षांचा कॉर्व्हेटचा इतिहास हा पुष्कळसा या माणसाच्या हट्टाचा इतिहास आहे.

१९५८ च्या गाडीची एक गंमत सांगून आम्ही पुढे सरकतो. त्या साली बॉनेटवर हवा जाण्याच्या झडपांसारख्या दिसणाऱ्या खोट्या पट्ट्यांची रांग आली आणि डिकीवरून क्रोमच्या दोन लांब पट्ट्या खाली उतरल्या. दोन्हींचा उपयोग शून्य. १९५९ मध्ये दोन्ही काढून टाकल्या गेल्या. आज ५८ ची गाडी दुरूनही ओळखता येते ती याच दोन निरुपयोगी अलंकारांमुळे. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पाच वर्षांनी तो फार मोठ्या प्रमाणावर घडायचा होता.

१९६३ ची ‘स्टिंग रे’ ही या परंपरेतली खरी नवी कृती. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र झोके मिळाले, पुढचे दिवे फिरून अंगात लपू लागले, आणि पहिल्यांदाच उघड्या गाडीबरोबर पक्क्या छपराची कूपेही आली. रूप बिल मिचेल यांच्या विभागाचे, रेखांकनात लॅरी शिनोडा यांचा हात मोठा. मिचेल यांनी बॉनेटपासून एक उभार कणा काढला आणि तो छपरावरून थेट शेपटीपर्यंत नेला. मागची काच या कण्याने मधोमध दुभंगली. डंटॉव्ह यांचा या कण्याला कडवा विरोध होता, आणि त्यांचे कारण काव्यशास्त्रातले नव्हते : चालकाला आरशात मागचे नीट दिसत नव्हते. वेगाने जाणाऱ्या गाडीत मागून कोण येते आहे ते न दिसणे हा अलंकारदोष नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. मिचेल यांच्या मते मात्र तो कणाच सगळ्या रचनेचा प्राण होता. तो काढला तर उरलेल्या रेषांना अर्थ राहत नव्हता. दोघेही खरे बोलत होते. म्हणूनच हा वाद आम्हांला वाङ्मयीन वाटतो.

पहिल्या साली मिचेल जिंकले. दुसऱ्या साली डंटॉव्ह. १९६४ च्या कूपेची मागची काच अखंड झाली. बॉनेटवरच्या दोन शोभेच्या झडपाही गेल्या, पण त्यांच्या जागी धातूच्या पट्ट्या जिथे बसत ते खळगे साच्यात तसेच राहिले. ते बुजायला १९६५ उजाडावे लागले. मुद्रितशोधनात शब्द काढला आणि जागा मोकळी राहिली, असे जुन्या खिळ्यांच्या छपाईत दिसते, तसेच हे.

पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. १९६३ ची गाडी ज्यांच्याकडे होती त्यांतल्या काहींना आपली गाडी एका वर्षात शिळी दिसू लागली. त्यांनी मधला कणा कापून काढला आणि तेथे अखंड काच बसवली. हेतू शुद्ध होता. निर्मात्याने स्वतः केलेली दुरुस्ती त्यांनी आपल्या प्रतीत उतरवून घेतली, एवढेच. पण दोनतीन दशकांत बाजाराची दृष्टी उलटली. दुभंगलेली काच केवळ एकाच साली होती, १०,५९४ कूपे गाड्यांवर, आणि त्यांतल्याही काही कापल्या गेलेल्या. आज सारख्याच स्थितीतल्या १९६३ आणि १९६४ च्या कूपे शेजारी उभ्या केल्या तर जी गाडी चालवायला अधिक सुरक्षित ती स्वस्त, आणि जिच्या आरशात मागचे दिसत नाही ती महाग. ज्यांनी पूर्वी काच बदलली होती त्यांच्यापैकी कित्येकांच्या गाड्यांवर नव्या मालकांनी पुन्हा खर्च करून कणा बसवून घेतला.

मराठी वाचकाला येथे एकनाथांचे ज्ञानेश्वरी-संशोधन आठवल्यावाचून राहणार नाही. शके १५०६ मध्ये नाथांनी लेखकांच्या हातून भ्रष्ट झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आणि तिच्यात पुन्हा कोणी ओवी घालू नये असे बजावले. तीन शतकांहून अधिक काळानंतर आलेल्या राजवाड्यांना मात्र एकनाथपूर्व प्रतीची ओढ होती. अशी म्हणून त्यांनी १९०९ मध्ये जी प्रत छापली तिच्या प्राचीनत्वावर विद्वानांनी पुढे पुष्कळ वाद घातला. भक्ताला शुद्ध पाठ हवा असतो, इतिहासकाराला जुना. तुलना येथेच सोडतो, कारण तिच्यात एक मोठा फरक आहे. ज्ञानेश्वरीत दुरुस्ती करणारा दुसरा होता. कॉर्व्हेटमध्ये चूक आणि दुरुस्ती दोन्ही एकाच घरच्या, आणि त्या दोन्हींना त्या घराने स्वतःच साल घालून दिले.

१९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. हा या पिढीतला सर्वांत महत्त्वाचा बदल, आणि बाहेरून जवळजवळ अदृश्य. त्याआधीच्या ड्रम ब्रेकांना उतारावर किंवा सलग वेगात तापून पकड सोडण्याची सवय होती. इंजिन दरवर्षी जोर वाढवत असताना थांबण्याची शक्ती मात्र जागच्या जागी. त्याच साली इंधन थेट फवारणारी ‘फ्युएल इंजेक्शन’ची सोय शेवटची मिळाली, आणि त्याच साली ३९६ घनइंचांचे मोठे इंजिन पहिल्यांदा आले. जुन्या विद्येचा अस्त आणि दांडगाईचा उदय एकाच सालात. पुढच्या वर्षी ते इंजिन ४२७ घनइंचांचे झाले.

मग १९६७. जाणत्यांना विचारा, बहुतेक जण हे साल सांगतील. अलंकार सर्वांत कमी, रेषा सर्वांत स्वच्छ, चार वर्षांच्या चुका निस्तरलेल्या. हे खरेच. पण हे साल मुळात ठरलेलेच नव्हते. नवी गाडी १९६७ मध्येच यायची होती. तिच्यातल्या अडचणी निस्तरेनात, म्हणून ती एक वर्ष पुढे गेली आणि जुन्या गाडीला एक जास्तीचे वर्ष मिळाले. त्या जास्तीच्या वर्षात करायला नवे काही नव्हते, म्हणून होते ते निर्मळ केले गेले. उत्कृष्ट आवृत्ती म्हणून आज जिची पूजा होते ती एका उशिराची संतती आहे. तीत ‘एल-८८’ नावाचे शर्यतीचे इंजिन बसवलेल्या केवळ २० गाड्या निघाल्या. कंपनीने या इंजिनाची शक्ती जाहीर केली ४३० अश्वशक्ती, म्हणजे तिच्याच दुसऱ्या ४३५ च्या इंजिनापेक्षा पाचाने कमी. प्रत्यक्षात ती ५०० च्या वर होती. कमी आकडा छापला की रस्त्यावर मिरवायला निघालेला हौशी मनुष्य ४३५ चेच इंजिन मागेल, हा त्यामागचा डाव. निर्मात्याचे स्वतःचे पत्रक हा पहिल्या दर्जाचा पुरावा असतो असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्याला हा अपवाद सांगून ठेवावा. त्या वीसांतली एक लाल कूपे २०१४ च्या जानेवारीत लिलावात ३८.५ लाख डॉलरांना गेली.

असा भाव आला की खोट्या प्रती आल्याच. कंपनीने त्या काळातल्या एकेका गाडीची नोंद जपून ठेवलेली नाही. कोणती गाडी कोणत्या इंजिनासह कारखान्यातून निघाली याचा दाखला बहुधा गाडीच्या अंगावरच शोधावा लागतो. इंजिनाच्या ब्लॉकवर पुढे एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन जुळवल्याची तारीख, त्याच्या प्रकाराची अक्षरे आणि गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ब्लॉक ओतल्याची तारीख वेगळी, ती ओतीव अक्षरांत : महिन्यासाठी ‘ए’ ते ‘एल’ यांपैकी अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा अंक. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडीची जुळणी, असा क्रम लागला पाहिजे. तो उलटा लागला तर इंजिन उपरे आहे. खोटे करणारा पट्टी घासून नवे आकडे ठोकतो. पण कारखान्यात ती पट्टी यंत्राने तासली जाई तेव्हा तिच्यावर बारीक समांतर रेघा उमटत, आणि घासताना त्या रेघा जातात. तज्ज्ञ भिंग घेऊन आकड्यांपेक्षा त्या रेघा आधी पाहतात. हस्तलिखिताच्या पुष्पिकेवर विश्वास टाकण्याआधी कागद, शाई आणि वळण पाहावे, हेच ते शास्त्र. १९६७ पासून आणखी एक सोय झाली. गाडीबरोबर फिरणारा, तिच्यात काय काय बसवायचे याची यादी असलेला कागद पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटवला जाऊ लागला. तो वाचायला टाकी उतरवावी लागते, आणि उतरवल्यावर पुष्कळदा हाती लागतो तो गंजाने खाल्लेला, अर्धामुर्धा चतकोर. जुन्या बाडांत हात घातलेल्या माणसाला त्या चतकोराची किंमत सांगायला नको.

१९६८ मध्ये ती लांबलेली नवी गाडी आली. रूपाने भडक, बांधणीने कच्ची. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने आपल्याकडे आलेल्या गाडीतले दोष पाहून तिची चाचणी घ्यायलाच नकार दिला. पुढच्या वर्षी दोष बरेच निस्तरले. १९६९ चे साल संपामुळे लांबले आणि त्यात ३८,७६२ गाड्या झाल्या. मग १९७० चे तितकेच आखडले, त्यात १७,३१६. साल हे वर्ष नव्हे, याला याहून चांगला पुरावा नको.

सत्तरच्या दशकाबद्दल खरेदीदारांत एक ठराविक रडगाणे आहे : शक्ती गेली. आकडे तसे दिसतात खरे. मूळच्या इंजिनाची शक्ती १९७० मध्ये ३००, १९७१ मध्ये २७०, १९७२ मध्ये २००, आणि १९७५ मध्ये १६५. पण हे आकडे एका रांगेत वाचणे हीच गफलत आहे. १९७१ ची घट खरी. कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरवले गेले. १९७२ ची घट मात्र बहुतांशी मापातली आहे. तोवर इंजिन मोकळे, पंखे-सायलेन्सरांविना टेबलावर ठेवून मोजत. त्या साली ते गाडीत असते तसे सर्व लवाजम्यासह मोजू लागले. म्हणजे ७१ आणि ७२ या दोन सालांतला सत्तर अश्वांचा फरक हा घोड्यांच्या मृत्यूचा नव्हे, शिरगणतीच्या पद्धतीचा आहे. ७३ मध्ये टक्कर सोसणारा पुढचा बंपर आला, ७४ मध्ये मागचा, ७५ मध्ये धूर शुद्ध करणारे उपकरण, आणि त्या सालानंतर उघडी गाडी दहा वर्षांसाठी गेली. या प्रत्येक बदलामागे सरकारी नियम आहेत, ऑक्टोबर १९७३ चे तेलसंकट आहे, आणि ‘बिघडवली’ म्हणून उसासे टाकणाऱ्या रसिकांना ते कधीच पटलेले नाहीत. पण गिऱ्हाइकाला पटले होते. १९७५ मध्ये ३८,४६५ गाड्या खपल्या, ७७ मध्ये ४९,२१३ आणि ७९ मध्ये ५३,८०७. हा आकडा पुढे कधी ओलांडला गेला नाही. अशक्त झालेली गाडी सर्वांत लोकप्रिय ठरली. आणि आज ती स्वस्त मिळते, तिच्यात दोष आहे म्हणून कमी आणि ती पुष्कळ आहे म्हणून अधिक.

१९७८ ला पंचविसावे वर्ष साजरे करताना कंपनीने इंडियानापोलिसच्या शर्यतीत अग्रभागी धावलेल्या गाडीच्या काळ्या-रुपेरी प्रतिकृती काढल्या, ६,५०२. ‘दुर्मीळ’ म्हणून त्या मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या गेल्या. लोकांनी त्या घेतल्या आणि आसनांवरचे प्लास्टिकही न काढता गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या. आजही तशा न चाललेल्या गाड्या बाजारात येतात, आणि गुंतवणूक म्हणून ज्यांनी त्या ठेवल्या त्यांच्या हाती महागाई वजा जाता फारसे काही लागत नाही. ६३ ची काच कोणी जपण्यासाठी घेतली नव्हती. लोकांनी ती वापरली, कंटाळले, कापली, म्हणून ती दुर्मीळ झाली. पहिल्याच दिवशी संग्रहासाठी छापलेली आवृत्ती सगळ्यांच्याच संग्रहात असते.

आता ते गळालेले साल. १९८१ मध्ये कारखाना सेंट लुइसहून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हलला. नवी गाडी १९८३ ची म्हणून तयार होत होती, पण गुणवत्तेचे आणि सुट्या भागांचे प्रश्न सुटेनात. अखेर तिला सरळ १९८४ चे नाव दिले गेले. त्याआधी चाचणीसाठी ४३ गाड्या बांधल्या गेल्या होत्या, त्या गिऱ्हाइकाला विकल्या गेल्या नाहीत. एक सोडून साऱ्या नष्ट केल्या गेल्या. उरलेली एक पांढरी गाडी बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. कोणी तुम्हांला १९८३ ची कॉर्व्हेट विकायला आला तर पुढचे बोलणे थांबवावे.

१९८४ ची गाडी वळणावर अप्रतिम आणि खड्ड्यावर असह्य. १९८५ मध्ये स्प्रिंगा मऊ केल्या गेल्या आणि इंजिन २०५ वरून २३० अश्वशक्तीवर गेले. ८६ मध्ये न घसरणारे ब्रेक आणि पुन्हा उघडी गाडी. ८९ मध्ये सहा गिअरांची चांगली पेटी. ९२ च्या नव्या ३०० अश्वशक्तीच्या इंजिनात ठिणगी वाटणारे यंत्र पाण्याच्या पंपाखाली बसवले गेले. पंप गळला की ते बसते. कोणत्याही पिढीचे पहिले साल घेऊ नये, हा व्यवहारातला नियम यावरून निघतो. गंमत अशी की संग्राहक नेमके पहिले साल शोधत असतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो न्यू जर्सीत असतो, आम्हांला हा प्रश्न खरोखरीच विचारला आहे, तेव्हा उत्तर टाळणे बरे नव्हे. ज्याला गाडी चालवायची आहे आणि खिसा बेताचा आहे त्याने १९८५ नंतरची, शक्यतो ८९ ते ९१ ची पाहावी. ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याला आमचा सल्ला उपयोगी नाही. आणि ज्याला ही कृती तिच्या भरात हवी आहे, त्याने सर्वांच्या तोंडी असलेले १९६७ सोडून १९६५ घ्यावे. दुभंगलेली काच गेली आहे, बॉनेटवरचे खळगे बुजले आहेत, ब्रेक आले आहेत, आणि तरी ती अजून लहान इंजिनाची, डंटॉव्ह यांच्या मनातली चपळ गाडी आहे. मोठे इंजिन त्या साली मिळे, ते नको. मूळ इंजिन नसलेली, पण चासी धड असलेली गाडी मिळाली तर ती आधी घ्यावी. इतरांना जो दोष वाटतो त्यानेच तिची किंमत आटोक्यात असते. फायबर ग्लास गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच्या आत समोरच्या काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी सांगाडा असतो, ज्याला हे लोक ‘पक्ष्याचा पिंजरा’ म्हणतात, आणि तो आतल्या आत सडतो. रंग पाहण्याआधी तो पाहावा, गाडी वर उचलून, टॉर्च घेऊन.

ब्रेकांबद्दल एक. १९६५ ते १९८२ पर्यंतच्या या डिस्क ब्रेकांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन ज्या भोकांत सरकतात ती गंजतात, खवले पडतात आणि तेल गळू लागते. उपाय सर्वज्ञात आहे. ती भोके रुंद करून आत स्टेनलेस स्टीलच्या नळ्या बसवतात. कॅलिपर तेच राहते, त्यावरचा ओतीव क्रमांक तोच राहतो, आणि गाडी प्रदर्शनात नेली तर परीक्षकाला बाहेरून काही दिसत नाही. काही कडवे संग्राहक एवढीही दुरुस्ती नको म्हणतात. आमच्या विद्यार्थ्याने ती गाडी घेतल्याबरोबर करून घ्यावी. पाचशे डॉलरांसाठी मागे पुढे पाहू नये.